शाळेच्या पुस्तकापलीकडचं मराठी वाचन-लेखन : तुमचे अनुभव लिहा

माझा मुलगा तिसरीत आहे, मराठी माध्यमात. दिवसभर चुरुचुरु बोलतो, पण चार ओळी लिहायला बसवलं की पेन्सिल चावत राहतो. शाळेचा अभ्यास होतोच. त्याखेरीज वाचन, लेखन, व्याकरण यांसाठी घरी किंवा वर्गात तुम्ही जे करून पाहिलंत, ते इथे लिहा. जमलेलंही हवं आणि फसलेलंही.

सुरुवात मीच करते. आम्ही शिकवणी लावली होती. महिन्याभरात 'नामाऐवजी येणाऱ्या शब्दाला सर्वनाम म्हणतात' हे तोंडपाठ झालं. मग सुट्टीबद्दल त्याने लिहिलं, "मामा आला. मामाने मामाची गाडी आणली. मामाने मला मामाच्या गाडीवर बसवलं." मी काही न बोलता ते त्यालाच मोठ्याने वाचायला लावलं. तिसऱ्या 'मामा'ला तो थांबला, हसला आणि म्हणाला, "त्याची गाडी!" शिकवणी बंद केली. आता लिहिलेलं प्रत्येक वाक्य आधी कानाने ऐकायचं, मगच वही मिटायची.

जिल्हा परिषद शिक्षिका, साक्री तालुका

माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी अहिराणी बोलतात. वहीत 'माले भूक लागनी' असं येतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी त्यावर लाल फुल्या मारत गेले. दिवाळीनंतर कित्येक मुलं दोन शब्दांपुढे लिहीनाशी झाली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे घरची भाषा, उजवीकडे पुस्तकाची. माले–मला, तुले–तुला, घरमा–घरात, शाळामा–शाळेत. रोज पाचच जोड्या, त्याही मुलांनी सांगायच्या. फुल्या बंद. आठ-दहा दिवसांनी दुसरीतली एक मुलगी फळ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, आपलं घर घरच राहतं. पुस्तकातलं 'घरा' होतं, मग त्याला त लागतो." मी खडू हातात धरून उभीच राहिले. सामान्यरूप हा शब्दसुद्धा मी वर्गात काढला नव्हता. लगेच दुसरा ओरडला, "शाळाचं शाळे!" त्या दिवशी गणिताचा तास झाला नाही. मुलं शब्द सांगत गेली, मी लिहीत गेले. घरची भाषा पुसून पुस्तकाची शिकवता येत नाही, दोन्ही शेजारी ठेवाव्या लागतात, हे मला मुलांनी शिकवलं.

रविवारची मराठी शाळा, न्यू जर्सी

आमच्या मुलांची अडचण वेगळी. 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा उच्चारायचा, पण लिहायचा एकसारखाच. घरी ऐकलेलं नसेल तर मूल 'चमचा' चिमणीच्या च-ने वाचतं. म्हणून आम्ही नवा धडा मुलांच्या हातात आधी देत नाही. दोनदा वाचून दाखवतो, मगच पुस्तक उघडतो.

आणखी एक. पुस्तकात पाकळीचा ल, फोनवर मात्र बहुतेक वेळा दंडाचा, हिंदीतला. सात वर्षांच्या मुलाला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात आणि त्यात त्याची काहीच चूक नाही. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीसाठी ठरले आहेत. म्हणून आम्ही फोनवरचे उतारे देत नाही, हाताने लिहून त्याच्या प्रती वाटतो.

निवृत्त शिक्षक, सातारा

जोडाक्षरांत सगळ्यात जास्त वेळ र घेतो, तेव्हा त्याला घाई करू नका. मी पाटीवर शेजारी शेजारी लिहायचो, दर्या आणि दऱ्या. एकात समुद्र, दुसऱ्यात डोंगरातली दरी. मग आचार्यांना आणि आचाऱ्यांना. एकाला नमस्कार करायचा, दुसऱ्याकडे जेवण मागायचं. अर्थ बदलतो हे कळलं की मुलं रफार विसरत नाहीत.

आजी, नागपूर

आम्ही 'किशोर' वाचतो. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. एक परिच्छेद नातीचा, एक माझा. ती अडली तर मी लगेच शब्द सांगत नाही, मनात पाच मोजते. बहुतेक वेळा चारला तिला तो येतो.

बाबा, पिंपरी

मी पाळीवर जातो. मुलगी दुसरीत. मी घरी येतो तेव्हा ती झोपलेली, ती शाळेत निघते तेव्हा मी झोपलेला. म्हणून फ्रिजवर चिठ्ठ्या सुरू केल्या. तिची पहिली होती, "बाबा दुध ठेवल आहे". मी काही खोडलं नाही. खाली लिहिलं, "दूध प्यायलो. गोड होतं." रोज असंच. ती लिहिते, मी तोच शब्द नीट लिहून उत्तर देतो. चुकीबद्दल चकार शब्द नाही. अनुस्वार अजून सुटतात, सुटू देत.

दीर्घ 'दूध' यायला तीन आठवडे लागले. काल रात्री एकला घरी आलो तर चिठ्ठी होती, "बाबा, दूध झाकून ठेवलय. दुधात साखर नाही, ती तुम्ही घाला." दूध दीर्घ, दुधात ऱ्हस्व. हा नियम तिला कोणी सांगितलेला नाही. चिठ्ठी पाकिटात ठेवली आहे.