विषय: उत्तर: ठाणेदारांना खरंच संधी आहे का?

प्रेषक: मिलिंद (नोव्हाय)
रविवार, १ जुलै २०१८

मंडळी, नमस्कार.

गेल्या मंगळवारी न्यूयॉर्कात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंच. जो क्राउली म्हणजे दहा वेळा निवडून आलेला, डेमोक्रॅटिक पक्षाच्या संसदेतल्या नेतृत्वात चौथ्या नंबरचा माणूस. अठ्ठावीस वर्षांच्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्तेझनं त्याला प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, लोळवला. कालपरवापर्यंत ती बारमध्ये काम करत होती. मग ७ ऑगस्टला आपल्या श्री ठाणेदारांनी मिशिगनच्या गव्हर्नरपदाची त्याच पक्षाची प्रायमरी का मारू नये?

फेब्रुवारीत सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या) वेळी त्यांची जाहिरात झळकल्यापासून ऑफिसात मला विचारतात, हा श्री तुमच्यातलाच का? वसंतात एक-दोन चाचण्यांत ते पुढेही होते. आता मागे पडलेत, मान्य. पण मिशिगनच्या चाचण्यांचं कुणी सांगू नका. २०१६ च्या मार्चमध्ये अध्यक्षपदाच्या प्रायमरीत त्या हिलरीला वीस-वीस टक्के पुढे दाखवत होत्या, आणि राज्य बर्नी सँडर्सनं दीड टक्क्यानं काढलं.

चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला मुलगा अॅक्रनला पीएच.डी. करतो, सेंट लुईसमध्ये कंपनी वाढवतो, मंदीत सगळं गमावतो आणि अॅन आर्बरला येऊन दुसरी उभी करतो. त्यांचं पुस्तक ‘ही श्रीची इच्छा’ इथल्या निम्म्या घरांत असेल. मग मत द्यायला काय हरकत आहे?

मिलिंद

---

प्रेषक: शुभदा (ट्रॉय)
रविवार, १ जुलै २०१८

मिलिंद,

पुस्तक माझ्याकडेही आहे, आणि माणूस जिद्दीचा आहे याबद्दल वाद नाही. पण तू विचारलंयस संधीचं, म्हणून त्यावरच बोलते.

न्यूयॉर्कचं उदाहरण इथे लागू होत नाही. तिथे एकाच मतदारसंघात मिळून तीस हजारांच्या आत मतं पडली. एवढी मतं दारोदार फिरून, जिने चढून वळवता येतात, आणि त्या मुलीनं तेच केलं. इथे ८३ काउंट्या आणि लाखांनी मतदार. उत्तरेकडच्या विरळ वस्तीच्या अपर पेनिन्सुलात कोण कुणाचे जिने चढणार? इतक्या मोठ्या राज्यात एक तर आधीपासूनची संघटना लागते, नाही तर टीव्ही. ठाणेदारांनी टीव्ही घेतला, तोही स्वतःच्या खिशातून. संघटना त्यांच्या प्रतिस्पर्धी ग्रेचन व्हिटमरकडे आहे. राज्याच्या सिनेटमध्ये ती विरोधी पक्षनेती होती. वाहन कामगारांची युनियन तिच्यामागे, शिक्षकांचीही. माझ्या शाळेतल्या बायका एरवी राजकारणाचं नाव काढत नाहीत, पण जेवणाच्या सुट्टीत याद्या घेऊन फोन करत बसतात. एक फोन संपला की यादीवर टिक, की लगेच पुढचा नंबर. हे जाहिरातीनं होत नाही.

दुसरं म्हणजे, व्हिटमर नको असलेली मतं एकगठ्ठा नाहीत. तिसरा उमेदवार अब्दुल एल-सईद डॉक्टर आहे, डेट्रॉइटच्या आरोग्य खात्याचा प्रमुख होता, आणि २०१६ मध्ये बर्नीमागे धावलेली पोरं आज त्याच्याकडे आहेत. सरकारी आरोग्यविमा सगळ्यांना, हे तोही म्हणतो आणि ठाणेदारही. एकाच ताटात दोघं जेवायला बसलेत. शिवाय ठाणेदारांनी २००८ मध्ये रिपब्लिकन उमेदवार मॅकेनला देणगी दिल्याची नोंद जाहीर आहे. नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत तिचं कुणाला काही वाटणार नाही, पण प्रायमरीला येतो तो पक्षाचा कडवा मतदार. त्याला ‘मी सगळ्यांत जास्त डावा’ हे पटवायचं आणि त्याच वेळी मॅकेनचं समजावून सांगायचं, अवघड आहे.

आणि व्हिटमरची घोषणा ऐकलीस ना, ‘फिक्स द डॅम रोड्स’? मार्चमध्ये बिग बीव्हरवर एका खड्ड्यानं माझ्या गाडीची रिम वाकवली. त्या दुकानात माझ्याआधी चौघं त्याच कामाला बसले होते. चौघांच्याही तोंडी हीच ओळ.

शुभदा

---

प्रेषक: कार्यकारी समिती
सोमवार, २ जुलै २०१८

सर्व सभासदांस,

आपलं मंडळ ५०१-सी-३ वर्गातलं, म्हणजे करमाफी असलेली ना-नफा संस्था, आहे. मंडळाच्या नावानं, कार्यक्रमात वा या ईमेल-यादीवर कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, मग तो मराठी असला तरी. चर्चेला ना नाही. ‘यांना मत द्या’ किंवा ‘यांना देऊ नका’ अशी पत्रं कृपया पाठवू नयेत. मतदारनोंदणीची माहिती द्यायला हरकत नाही: या प्रायमरीसाठी शेवटची तारीख ९ जुलै.

---

प्रेषक: अण्णा (फार्मिंग्टन हिल्स)
सोमवार, २ जुलै २०१८

समितीनं दोरी ओढलीच, तर मी नुसती माहितीच देतो.

मिलिंद, आधी मोज की आपल्यातल्या किती जणांना मत आहे. गणपतीच्या आरतीला हॉल भरतो, पण त्यातले निम्मे एच-वन किंवा ग्रीन कार्डवाले. उरलेल्यांत सिटिझन होऊनही नोंदणी न केलेले. माझा धाकटाच त्यात, परवा रागावलो तेव्हा कुठे फॉर्म भरला.

इथे पक्षाची नोंदणी नसते, ज्याला वाटेल त्यानं वाटेल त्या पक्षाची प्रायमरी घ्यावी. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी शेजारी असतात. खुणा मात्र एकाच रकान्यात करायच्या. गव्हर्नरला या पक्षाचा आणि खाली ओळखीचा म्हणून त्या पक्षाचा, असं केलंत की पक्षांच्या भागातली सगळी मतं बाद. आमच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी मागे हेच केलं आणि अजून अभिमानानं सांगतात की मी माणूस बघून मत देतो.

या प्रायमरीला साठी उलटलेल्यांना घरबसल्या मत मागवता येतं. तरुणांना बाहेरगावी असल्यासारखं कारण द्यावं लागतं.

अण्णा

---

प्रेषक: मिलिंद (नोव्हाय)
मंगळवार, ३ जुलै २०१८

अण्णा, मतं थोडी आहेत हे कबूल. पण ‘निवडून यायचा नाही, म्हणून मत देत नाही’ असं सगळ्यांनी म्हटलं तर तो कधीच येणार नाही. आणि शुभदाताई, स्वतःचे पैसे घालतो याचा अर्थ कुणाचा मिंधा नाही असाही होतो. विमा कंपन्यांकडून घेतले असते तर बरं झालं असतं का?

प्रचार नाही, प्रश्न विचारलाय. समितीनं नोंद घ्यावी.

---

प्रेषक: शुभदा (ट्रॉय)
बुधवार, ८ ऑगस्ट २०१८

मिलिंद,

आकडे आले. व्हिटमर ५२ टक्के, एल-सईद ३०, ठाणेदार १८ च्या जरा आत. ८३ च्या ८३ काउंट्या व्हिटमरनं घेतल्या. शेवटच्या आठवड्यात बर्नी स्वतः येऊन गेले, त्याआधी ओकासिओ-कॉर्तेझ येऊन गेली, तरी एल-सईदचं गाडं तिशीतच अडलं. दोघांची बेरीज करूनही व्हिटमर पुढेच. म्हणजे मतं फुटली म्हणून हरले, हे माझं गणितसुद्धा लागू पडलं नाही. ती सरळ जिंकली.

ठाणेदारांना दोन लाखांच्या किंचित वर मतं पडली आणि खिशातले गेले एक कोटी डॉलरच्या वर. मतामागे पन्नासाहून जास्त पडले, तेवढ्यात चौघांचं जेवण होतं. पण कालपर्यंत ज्याला राजकारणात कुणी ओळखत नव्हतं त्याला दोन लाख माणसांनी मत दिलं, हेही खोटं नाही. हरला म्हणून मी हसणार नाही.

तुझ्या मूळ प्रश्नाला खरं उत्तर कालच दुसरीकडे मिळालंय. संसदेतल्या जॉन कॉन्यर्सच्या रिकाम्या जागेचं पाहिलंस का? डेट्रॉइटचा तेरावा मतदारसंघ. तिथे एकाच दिवशी दोन प्रायमरी होत्या. एक कॉन्यर्सचे उरलेले थोडे महिने भरून काढायला, दुसरी जानेवारीपासूनच्या पूर्ण मुदतीसाठी. पहिलीत चार उमेदवार होते, ती ब्रेंडा जोन्स जिंकली. दुसरीत सहा, ती रशिदा तलैबनं मारली, अवघ्या ३१ टक्क्यांवर, हजाराच्या आतल्या फरकानं. तेच गाव, तोच दिवस, तेच मतदार. दोन नावं वाढली आणि निकाल फिरला.

इथल्या प्रायमरीत दुसरी फेरी नाही, पन्नास टक्क्यांची अट नाही. तिघांच्या सामन्यात १८ टक्के म्हणजे शेवटचा नंबर. आठ-नऊ जणांच्या झुंबडीत, जिथे टीव्हीवरून नाव घरोघरी पोचलंय अशा एखाद्या जागी, तोच माणूस पाव हिस्सा मतांवर निघून जाईल. कमकुवत उमेदवारानं असली जागा शोधावी. राज्य हा फार मोठा घास होता. फक्त ते राहतात अॅन आर्बरला आणि अशी जागा आहे डेट्रॉइटात.

शुभदा

---

प्रेषक: अण्णा (फार्मिंग्टन हिल्स)
बुधवार, ८ ऑगस्ट २०१८

शुभदा, संसदेच्या जागेला त्याच मतदारसंघात राहायची अट नाही. त्याच राज्याचा रहिवासी असला की झालं. राज्याच्या विधानसभेला मात्र तिथेच राहावं लागतं. तिथून सुरुवात करायची तर सामान हलवावं लागेल.