मदत हवी आहे: लिनक्स ०.१२ हार्ड डिस्कवरून रूट माउंट करत नाही

जानेवारी १९९२ चं लिनक्स ०.१२, ३८६डीएक्स, ४ एमबी रॅम. स्कझी (डिस्क जोडायची एक पद्धत) या आवृत्तीत नाहीच, म्हणून आयडीईवर (दुसरी पद्धत) हार्ड डिस्क म्हणून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. बूट आणि रूट या दोन्ही फ्लॉपींवरून नीट सुरू होतं. बूट फ्लॉपीतले ५०८ आणि ५०९ क्रमांकाचे बाइट ०१, ०३ केले (याच क्रमाने, उलट नाही), म्हणजे रूट (मुख्य फाइल सिस्टिम) हार्ड डिस्कच्या पहिल्या पार्टिशनवरून घ्यायला सांगितलं, की मात्र ‘अनेबल टू माउंट रूट’.

पार्टिशन ६० एमबी, मिनिक्स फाइल सिस्टिमच्या ६४ एमबी मर्यादेच्या आत. फाइल सिस्टिम आजच्या लिनक्सवर, कार्ड रीडरमधून बनवली, नावं १४ अक्षरांचीच ठेवून, कारण ३० वाली ०.१२ ओळखत नाही. संशय सिलिंडर-हेडच्या हिशोबावर (डिस्कवरची जागा मोजायची जुनी पद्धत) आहे: कार्ड रीडर थेट सेक्टर मोजतो, हा कर्नल बायोसचे आकडे घेतो. बायोसच्या टाइप ४७ मध्ये (डिस्कचे आकडे हाताने भरायचा पर्याय) कार्ड स्वतः सांगतं तेच आकडे भरू, की फाइल सिस्टिम याच मशीनवर नव्याने बनवू?