मुलांच्या बोटीवर आम्ही दोघंच : छोट्या फॅमिली क्रूझचे अनुभव

आमच्याकडे पाणी पाहायला जायचं म्हणजे पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की गाडी काढायची, वाटेत भजी खायची, आणि धरणावरून खाली बघून यायचं. समुद्र हवा तर रात्रीच्या गाडीत बसून मुंबई गाठायची. अशा मुलखातल्या माणसांनी बोटीवर राहायला पैसे घालायचे, तेही मिकी माऊसच्या बोटीवर, तेही बरोबर एकही लेकरू नसताना! आम्ही दोघं हे करून आलो. आल्यापासून कॉलनीत, लग्नकार्यात, भाजीच्या गाडीवरसुद्धा तेच प्रश्न. विचारणाऱ्यांमध्येच दोन-तीन जण असे निघाले की जे स्वतः असल्या छोट्या क्रूझवर जाऊन आलेत, पण कुणाला बोलले नव्हते. म्हणून हा धागा. डिस्नेचीच बोट हवी असं नाही, मुंबई-गोवाही चालेल. फक्त जोडीनं गेलेल्यांनी आधी लिहा, आणि पॅकेजच्या जाहिराती टाकू नका. सुरुवात मीच करते.

जळगाव (धागा काढणारी)

मुलगी फ्लोरिडात असते. तिनं आम्ही दोघं, ते दोघं आणि नातू असं पाच जणांचं बुकिंग केलं होतं. डिस्ने विश नावाची बोट, २०२२ मध्ये पाण्यात आलेली. शुक्रवारी पोर्ट कॅनाव्हरलहून निघायचं, शनिवारी नसाऊ, रविवारी कंपनीचं स्वतःचं बेट, सोमवारी सकाळी परत. गुरुवारी रात्री नातवाला ताप भरला. एवढ्या आयत्या वेळी पैसे परत मिळत नाहीत. मुलगी म्हणाली, "आई, तुम्ही दोघं तरी जा." ह्यांनी आधी नाही म्हटलं, मग तिकिटाचा आकडा रुपयांत करून पाहिला आणि बॅग भरायला घेतली.

घरचं केलेलं काही बोटीवर नेऊ देत नाहीत, सीलबंद कोरडा खाऊ चालतो. त्यामुळे मी नातवासाठी नेलेले दराबा लाडू तिथेच राहिले. ह्यांनी मात्र शेंगदाणा चटणीचं न फोडलेलं पाकीट खिशात घातलं होतं, ते मला दुसऱ्या रात्री कळलं.

बोट सुटण्याआधी सगळ्यांना ठरलेल्या जागी बोलावून जीव वाचवायची तालीम घेतात. ती कुणालाच चुकत नाही. आमच्याभोवती मिकीचे कान घातलेली चिल्लीपिल्ली, आणि मधे आम्ही दोघं उभे, शाळेच्या गॅदरिंगला चुकून शिरलेल्या पाहुण्यांसारखे. खरं सांगते, त्या अर्ध्या तासात मला उतरून जावंसं वाटत होतं.

मग जेवण. तीन रात्रींना तीन वेगळी हॉटेलं, पण वाढणारे तेच. तुम्ही पुढच्या हॉटेलात गेलात की तेही तुमच्या मागे येतात. पहिल्या रात्री वाढणाऱ्या मुलानं विचारलं, पूर्ण शाकाहारी का? अंडं चालतं का? दुसऱ्या रात्री मेनूत नसलेलं पिवळं वरण, बटाटा-फ्लॉवरची भाजी आणि भात समोर आला. वरणाला फोडणी नव्हती. ह्यांनी हळूच चटणीचं पाकीट काढलं. तो पोरगा बघत होता. म्हटलं, आता बोलणार. तर त्यानं चटणीसाठी एक छोटी वाटी आणून ठेवली!

त्यातल्या एका हॉटेलात तर चक्क साखरपुड्याची पंगत असते. राणीचं लग्न ठरलंय, तुम्ही सगळे पाहुणे, मधे गाणं-बजावणं चाललेलं. मी ह्यांना म्हटलं, आपल्या लग्नात आपल्याला बसून जेवायला मिळालं होतं का? ह्यांना आठवेना. मला आठवतंय. मांडे संपले होते.

पण ह्यांचा खरा आनंद वेगळाच. आमची रावेर तालुक्यात केळी आहे. सकाळी बुफेवर ह्यांनी केळ्याची फणी उलटीपालटी करून पाहिली. स्टिकर ग्वाटेमालाचा. "अगं, ही तर आपली जी-नाइन जात!" मग तिथे उभ्या असलेल्या माणसाला हातवारे करून समजावत बसले, की कापणी पाऊण पक्वतेला होते, मग कोल्ड चेनमध्ये, मग इथिलीन देऊन पिकवतात. त्या माणसाला इंग्रजी येत होतं, ह्यांना केळी येत होती. दहा मिनिटं चाललं. मागे ऑम्लेटवाल्यांची रांग.

मुलं नसली तर काय करायचं, हा सगळ्यांचा प्रश्न. बोटीवर फक्त मोठ्यांसाठीचा एक कोपरा असतो, वेगळा पोहण्याचा तलाव असतो. जुगाराचा अड्डा डिस्नेच्या बोटींवर नसतो. बेटावरही मोठ्यांसाठी वेगळा किनारा ठेवलाय. बोट सरळ धक्क्याला लागते, चालत उतरायचं. बेटाचं नाव आता कास्टअवे के, पूर्वी गोर्डा के. तेव्हा तिथल्या धावपट्टीवर अमली पदार्थवाल्यांची विमानं उतरत. आज त्याच धावपट्टीवर लोक सायकली चालवतात. आम्हीही भाड्यानं घेतल्या. ह्यांनी तीस वर्षांनी सायकल चालवली. मी नाही चालवली, हातात धरून चालले. फोटोत मात्र चालवतेय असंच वाटतं.

धुळे

आम्ही परदेशी नाही गेलो, आपल्याच किनाऱ्यावरची होती. बोट चांगली. जेवणाला नाव ठेवायला जागा नाही. राग आहे तो बुकिंग करून देणाऱ्यावर. 'सी व्ह्यू' म्हणून जास्तीचे पैसे घेतले. खिडकीचा पडदा सरकवला तर समोर लाइफबोट लटकलेली, समुद्र दिसायचा तो तिच्या खालून, वितभर. फोन केला तर म्हणतो, समुद्र दिसतोय ना सर? वरून बंदराचा कर आणि कर्मचाऱ्यांची टीप वेगळी निघाली. ती न विचारता बिलात लागते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. बुकिंगच्या आधी डेकचा नकाशा मागा. आपली खोली कुठे आहे आणि खिडकीपुढे काय आहे, ते त्यात दिसतं. देत नसेल तर उठून या.

भुसावळ, निवृत्त लोको पायलट

मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्री. बोटीचं नाव एम्प्रेस. १९९० ची बांधणी. पस्तीस वर्षांचं इंजिन आम्ही भंगारात काढलं असतं, पण ही टापटीप होती.

मला बोटीपेक्षा जागेचं कौतुक. बोट बॅलार्ड पिअरहून सुटते. आपली पंजाब मेल १९१२ मध्ये सुरू झाली ती इथूनच. विलायतेहून बोट यायची, साहेब लोक उतरायचे आणि समोर उभ्या गाडीत बसायचे. ही गाडी भुसावळातून मी किती वेळा नेली असेल, पण तिचं मूळ ठिकाण पाहिलं आत्ता, आणि उलट्या बाजूनं, गाडीतून बोटीत.

मी वर डेकवरच थांबलो. बंदरातून बाहेर पडेपर्यंत कॅप्टनच्या जोडीला बंदराचा माणूस असतो, त्यालाही पायलटच म्हणतात. बाहेरचं पाणी आलं की एक छोटी होडी चालत्या बोटीला चिकटते, आणि हा गडी दोराच्या शिडीनं खाली उतरून तिच्यात जातो. मला कसारा घाट आठवला. तिथे ३७ ला १ चा चढ. मागून बँकर इंजिन लावायचं आणि इगतपुरीला सोडून द्यायचं. अवघड तेवढ्यापुरता जोडीदार.

वेग विचारला तर म्हणाले पंधरा-सोळा नॉट. एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. म्हणजे तिशीच्या आत. कॉशन ऑर्डरवर, म्हणजे हळू चालवायच्या हुकमावर, चाललेली मालगाडी.

पहिल्या रात्री मिसेसला बोट लागली, उलट्या झाल्या. गोळी आणि लिंबू दिलं. बाकी सगळं व्यवस्थित. अडतीस वर्षांत आम्ही दोघं एकाच वेळी नाइट ड्यूटीला, असं पहिल्यांदाच झालं.

नंदुरबार

नवीन लग्न, नवीन नवरा, नवीन बोट. मोठा अनुभव नाही. बोट लागते की नाही ते चढल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे गोळी डॉक्टरला विचारून आधीच घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही. खोली खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मध्यावर मागा, तिथे सगळ्यात कमी हलतं. पुढच्या टोकाची 'भारी' खोली घेऊ नका. आम्ही घेतली होती.

शिरपूर

जायच्या आधी आजीला सांगायला गावी गेलो. आजी म्हणे, "पानी देखाले इतला पैसा? तापी काय आटी गयी का?" यावर उत्तर असेल तर द्या.

अमळनेर

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. मूल नाही. उपचार, नवस, सगळं करून झालं, आता थांबलोय. आमच्याकडे कानबाई देवी बसते तेव्हा सगळी भाऊबंदकी जमते, आणि रोटांच्या पंगतीत कुणी ना कुणी काकू विचारतेच. आता विचारतही नाहीत, नुसतं बघतात. ते जास्त लागतं.

मिस्टरांना ऑफिसच्या कामानं सिंगापूरला जायचं होतं, मीही गेले. तिथून तीन रात्रींची बोट घेतली. ती मुलांसाठीच प्रसिद्ध आहे हे मला चढल्यावर कळलं. ह्यांना माहीत होतं. मी विचारलं, मुद्दाम केलं का? म्हणाले, "मला घसरगुंडीवरून जायचंय. एकट्यानं लाज वाटते, म्हणून तुला आणलं."

आम्ही त्या पाण्याच्या घसरगुंडीवरून अकरा वेळा गेलो. मी मोजलंय. रांगेत आमच्या पुढे-मागे सात-आठ वर्षांची पोरं. त्यातल्या एका मुलीनं मला शिकवलं की हात छातीशी घेतले की जास्त जोरात जातं. तिनं मला काहीच विचारलं नाही. नाव नाही, गाव नाही, मुलं किती हेही नाही. फक्त, "परत येणार का?"

तीन दिवसांत ते कुणीच विचारलं नाही. टेबलावर, लिफ्टमध्ये, कुठेच नाही. शेवटच्या दिवशी सामान आवरताना माझ्या ते लक्षात आलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन थोडी रडले. मग बाहेर आले, तर हे ओली चड्डी कुठल्या पिशवीत घालावी यावर विचार करत बसलेले.

चोपडा

अमळनेरच्या ताई, वाचून गप्प बसले होते थोडा वेळ.

धागा काढणाऱ्या ताईंना विचारायचं होतं : चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूण बंद असतो. सासू-सासऱ्यांना पाठवायचं म्हणतोय, सिंगापूरहून. जमेल का? आणि व्हिसाचं काय?

जळगाव (धागा काढणारी)

अमळनेर, तुमचं लिहिणं मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. घसरगुंडीचं 'अकरा वेळा' ऐकल्यावर हे म्हणाले, आपण एकदाही नाही गेलो.

चोपडा, कांदा-लसणाचं बुकिंग करतानाच कळवा आणि पहिल्या रात्री टेबलावर पुन्हा सांगा. आयत्या वेळी नाही, आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवशी करून देतात, असा आमचा अनुभव. पण चातुर्मास पाळणारी माणसं चातुर्मासातच कशाला पाठवता? कार्तिकी एकादशीनंतर पाठवा. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते बघा, कारण बोट देशाबाहेर जाऊन परत तिथेच येते. तिथली डिस्ने ॲडव्हेंचर तर तीन-चार रात्री समुद्रातच असते, मधे बंदर घेत नाही. गाव पाहायची हौस असलेल्यांना ते आवडणार नाही. गुडघे दुखणाऱ्यांना आवडेल. आणि शेवटच्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवाव्या लागतात, त्या सकाळी धक्क्यावर मिळतात. तेव्हा सकाळचे कपडे आणि औषधं हाताशी ठेवा. आमच्या शेजारच्या खोलीतले गृहस्थ उतरताना नाइट पँटवर होते.

भुसावळ (वरच्या लोको पायलटची मिसेस)

मुलानं हे आत्ता वाचून दाखवलं. उलट्या मला नाही, ह्यांना झाल्या. लिंबू मी दिलं. गोळीसुद्धा मीच माझ्या पर्समधून दिली.

ड्यूटीवरून हे रात्री-बेरात्री यायचे. ड्यूटीला बोलवायला कॉलबॉय दार वाजवायचा, मी उठून डबा भरायचे, हे गेले की झोप लागायची नाही. ती सवय अजून आहे, दोन वाजता डोळा उघडतोच. बोटीवरही उघडला. हे उलट्या करून दमून झोपले होते. म्हटलं, ह्यांना कशाला उठवा. साडीवर स्वेटर घातला, दार ओढून घेतलं आणि एकटीच वर गेले. लिफ्टमध्ये कुठलं बटण ते एका मुलानं दाखवलं.

वर कुणी नव्हतं. लांब मासेमारीच्या होड्यांचे दिवे होते, आधी मला गावच वाटलं. एक जण पोछा मारत होता, त्यानं खुर्ची आणून दिली आणि विचारलं, चहा? मी हो म्हटलं. साखर कमी होती. उजाडेपर्यंत बसले. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, ते इथे वाचतीलच.