‘ए-बी विंग मर्ज’: बडोद्यातल्या आमच्या सोसायटीच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी (ए-१०१): सर्व सभासदांना कळविण्यात येते की रविवारी सकाळी १० वाजता पार्किंगमध्ये मीटिंग आहे. विषय: ए आणि बी विंग मर्ज करणे. वेळेवर यावे. नाश्त्याला सेव उसळ आहे.

ताई (ए-२०२): अरे वा! म्हणजे आमच्या २०२ आणि २०३ मधल्या भिंतीचा विषय घेतलात? कधीची मागे लागले होते.

वहिनी, खजिनदार (बी-३०४): ताई, भिंतीचं नसेल हो. मेंटेनन्सच्या दोन शीट आहेत ना, त्या एक करायच्या असतील. मला आधी विचारायला हवं होतं पण.

चिन्मय (बी-४०१): मला वाटलं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मर्ज करणार.

माई (बी-२०३): मर्ज म्हणजे दुखणं ना रे? आमच्या ग्वाल्हेरला तोच अर्थ. दोन्ही विंगना एकदम काय झालं?

चिन्मय: 😂😂 माई, तो उर्दूवाला. हा इंग्रजीवाला.

नाना (ए-३०२): सेक्रेटरीसाहेब, सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेला पैसा, एकत्र करायचा घाट असेल तर आत्ताच सांगा. ए विंगनं लिफ्ट स्वतःच्या पैशातून करून घेतली आहे. बी विंगची व्हायची आहे. आमच्या पैशात तुमची लिफ्ट वर जायची नाही.

सेक्रेटरी: थांबा जरा. ऑफिसात आहे, संध्याकाळी सविस्तर लिहितो.

नाना: नोटीस टाकायला ऑफिसात वेळ असतो, खुलासा करायला नसतो.

चिन्मय: ग्रुपचं मी सांगून टाकतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन ग्रुप मर्ज करायची सोयच नाही. कम्युनिटी करता येते. तिच्यात दोन्ही ग्रुप आपापल्या जागी राहतात, फक्त वरून सगळ्यांसाठी सूचनांचा एक वेगळा ग्रुप येतो. रविवारच्या सेव उसळीसारखं. शेव वरून पडते, खाली उसळ असते, दोन्ही शेवटपर्यंत ओळखू येतात.

वहिनी: उदाहरण बरं दिलंस. आता एक्सेलचं ऐका, कारण ते निस्तरावं मलाच लागतं. दोन याद्या एकाखाली एक चिकटवल्या म्हणजे झालं, असं सगळ्यांना वाटतं. ए मध्येही १०१ आहे, बी मध्येही १०१ आहे. विंगचा वेगळा रकाना नसेल तर बी-१०१ ची थकबाकी सेक्रेटरींच्या नावावर दिसणार.

नाना: दिसू दे की 😄

वहिनी: आणि कृपा करून कुणीही शीटमध्ये ‘मर्ज अँड सेंटर’ दाबू नका. समजा शीटच्या एका घरात (सेलमध्ये) ४,५०० आहेत आणि शेजारच्या घरात १,२००. दोन्ही मर्ज केलीत की ५,७०० होत नाहीत. डावीकडचे ४,५०० राहतात आणि १,२०० जातात. एक्सेल आधी विचारतं, पण ती खिडकी वाचतो कोण? सगळे ओके दाबतात. नंतर यादी फ्लॅटनंबरप्रमाणे लावायला जावं तर सगळी मर्ज केलेली घरं सारख्या मापाची हवीत म्हणून अडतं. मथळा नुसता मधोमध दिसायला हवा असेल तर फॉरमॅट सेल्समध्ये अलाइनमेंटखाली ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ आहे, ते वापरा. दिसतं तसंच, आणि आतलं काही जात नाही.

ताई: मग तुम्ही ते मेल मर्ज म्हणता ते काय असतं?

वहिनी: ते बिचारं गुणी आहे. पत्राचा मसुदा एक, नावांची यादी एक, आणि प्रत्येक घरासाठी वेगळं पत्र तयार होतं. मसुदाही तसाच राहतो, यादीही. थकबाकीची पत्रं मी तशीच काढते. ज्यांना येतात त्यांना माहीत आहे.

चिन्मय: आमच्या ऑफिसात तर दिवसभर मर्जच चालतं. एकाच प्रोग्रॅमवर दोघं आपापल्या फांदीवर, म्हणजे वेगळ्या प्रतीवर, काम करतात, मग गिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फांद्या मर्ज करायच्या. दोघांनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या असतील तर आपोआप होतं. दोघांनी तीच ओळ वेगवेगळी बदलली असेल तर गिट थांबतं, ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणतं आणि दोन्ही ओळी समोर ठेवतं. कुठली ठेवायची ते माणसानं ठरवायचं. कुणी काय बदललं होतं त्याचा इतिहासही राहतो.

नाना: म्हणजे तुमचं मशीन निदान विचारतं तरी. बँकांचं मर्जर बघ. १ एप्रिल २०१९ ला विजया बँक आणि देना बँक, दोन्ही आपल्या बँक ऑफ बडोदात आल्या. विजया १९३१ ची, मंगळूरची. देना १९३८ ची. आपली १९०८ ची, सयाजीराव महाराजांनी स्थापलेली. तिघींपैकी पाटी एकीचीच राहिली. पेपरवाले मर्जर लिहीत होते, सरकारी योजनेच्या कागदावर शब्द होता ‘अ‍ॅमल्गमेशन’. पण खरा अर्थ शेअरवाल्यांना कळला. विजयाच्या १००० शेअरना बडोद्याचे ४०२ मिळाले, देनाच्या १००० शेअरना ११०. एकाच दिवशी, एकाच बँकेत, पण भाव वेगळा. म्हणून मी सिंकिंग फंडाचं विचारतोय. एकत्र येणं वेगळं आणि कुठल्या भावानं येणं वेगळं.

वहिनी: आणि कोडचं सांगा ना.

नाना: हो. दोन्ही बँकांचे जुने आयएफएससी कोड १ मार्च २०२१ पासून बंद. म्हणजे मर्जर २०१९ चं, आणि खातेदारापर्यंत पूर्ण पोचायला जवळजवळ दोन वर्षं. मोठ्या गोष्टी सहीनं होतात, मग धनादेश, कोड, शिक्के निस्तरत बसायचं.

अण्णा (बी-१०२): नाना, बँकेच्या आधी अख्खं बडोदं मर्ज झालं होतं, ते विसरू नका. चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा लांब लिहिणार, वाचायचं त्यांनी वाचा.

आपण सगळ्याला सरसकट विलीनीकरण म्हणतो, पण संस्थानांच्या बाबतीत दोन वेगळे टप्पे होते. १९४७ मध्ये झाला तो सामीलनामा. त्यात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढे तीन विषय केंद्राकडे गेले. आतला कारभार महाराजांचाच. खरं विलीनीकरण झालं १ मे १९४९ ला. तेव्हा बडोदा संस्थान मुंबई प्रांतात गेलं, आणि संस्थान म्हणून संपलं. प्रतापसिंहराव महाराज तेव्हा गादीवर होते.

गंमत अशी की हे संस्थान नकाशावर सलग कधी नव्हतंच. बडोदा इथे, कडी-मेहसाणा वर, नवसारी खाली, अमरेली काठियावाडात, आणि द्वारकेकडे ओखामंडळ. मधे सगळा दुसऱ्यांचा मुलूख. तरी राज्य एक. म्हणजे एकमेकांना न चिकटताही एक असता येतं, आणि एकमेकांना चिकटलेल्या आपल्या दोन विंग बघा.

पुढे १ मे १९६० ला मुंबई राज्याचे गुजरात आणि महाराष्ट्र झाले. मर्ज झाल्याची तारीख १ मे, वेगळं झाल्याचीही १ मे, मधे अकरा वर्षं. तेवढा काळ आपण आणि पुणेकर एकाच राज्यात होतो.

ताई: बापरे, आणि तरी पुणेकर आपल्याला विचारतात, तुम्ही मराठी कसं काय बोलता 🙄

माई: अण्णा, आमच्याकडे तसं नव्हतं. ग्वाल्हेर कुणाच्या पोटात गेलं नाही. शिंदे, होळकर आणि बाकीची संस्थानं मिळून २८ मे १९४८ ला नवीनच राज्य केलं, मध्यभारत. जिवाजीराव महाराज राजप्रमुख आणि इंदूरचे यशवंतराव उपराजप्रमुख. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. दोघांनाही बरं वाटावं म्हणून.

अण्णा: हे अगदी योग्य सांगितलंत. यालाही मर्ज आणि त्यालाही मर्ज म्हणून कसं चालेल? एकात एक राहतो आणि दुसरा जातो, दुसऱ्यात दोघं जाऊन तिसरा येतो. शब्दाचं मूळ लॅटिन आहे, बुडवणे या अर्थाचं. सबमर्ज, इमर्ज त्याच घरातले. आपलं ‘विलीन’ही त्याच वळणाचं, विरघळून गेलेलं. ‘एकत्र’ मात्र तसं नाही. एकत्र राहून प्रत्येकजण आपापला असू शकतो.

चिन्मय: अण्णा 👏 आता सेक्रेटरीकाकांना बुडवणारं हवंय की एकत्रवालं ते कळलं पाहिजे.

काका (ए-४०१): ताई, तुमच्या भिंतीचं दोन ओळीत सांगतो. आपली इमारत आरसीसी फ्रेमची, म्हणजे काँक्रीटच्या सांगाड्यावर उभी आहे, त्यामुळे मधली विटांची भिंत बहुतेक भार घेत नसेल, पण ‘बहुतेक’वर घण मारायचा नसतो. जुन्या शहरातल्या लोडबेअरिंग घरांत अशीच भिंत वरचा मजला धरून असते. कॉलम आणि बीम यांना हात नाही. स्ट्रक्चरल इंजिनियरचं पत्र, महापालिकेची परवानगी, सोसायटीचा ठराव, मग घण. आणि भिंत पडली म्हणून फ्लॅट एक झाला असं नाही. दस्त दोन, शेअर सर्टिफिकेट दोन, मेंटेनन्सही दोनदा.

ताई: मेंटेनन्स दोनदा? स्वयंपाकघर तर एकच ठेवणार आहे आम्ही.

वहिनी: दोनदाच 🙂

काका: आणि नानांच्या बँकांसारख्या दोन विंगच्या दोन नोंदणीकृत सोसायट्या असत्या आणि त्या एक करायच्या असत्या, तर ते पार्किंगमध्ये उसळ खात होत नाही. खास सर्वसाधारण सभा, ठराव, निबंधकांची मंजुरी, घेणेकऱ्यांचं म्हणणं, सगळं आलं. आपली नोंदणी एकच आहे, तेव्हा तो प्रश्न नाही. विंगचे फंड वेगळे ठेवलेत ती आपली आपसातली सोय.

वहिनी: विषय निघालाच आहे तर एक महत्त्वाचं, विशेषतः माई आणि नानांसाठी. फोनवर कुणी अनोळखी माणूस ‘कॉल मर्ज करा’ म्हणाला तर करायचा नाही. तो म्हणतो, तुमच्या ओळखीच्यानं नंबर दिला, तो दुसऱ्या नंबरवरून फोन करतोय, दोन्ही जोडा. तो दुसरा फोन असतो बँकेचा, ओटीपी बोलून सांगणारा. आपण मर्ज केलं की ओटीपी त्याच्याही कानात. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूपीआयकडून तसा जाहीर इशाराही आला होता. आपण तोंडानं काहीच सांगितलेलं नसतं, म्हणून लक्षात येत नाही.

माई: मला तसा आलेला बाई एक. मी म्हटलं मला जोडता येत नाही, आणि ठेवून दिला.

वहिनी: उत्तम केलंत माई. येत असलं तरी नाही येत म्हणायचं.

चिन्मय: एक्सप्रेस-वेवर पण मर्ज असतंच. अमदावादला जाताना रॅम्पवरून आत येणाऱ्यानं आतल्या गाडीला वाट द्यायची असते. आपल्याकडे हॉर्न देतात.

नाना: सात वाजले. सेक्रेटरी अजून ऑफिसात?

सेक्रेटरी: आलो. ८७ मेसेज?? अहो मी गणपतीबद्दल लिहिलं होतं. दोन विंगचे दोन गणपती बसतात, दोन मांडव, दोन वर्गण्या, दोन्हीकडे माणसं कमी. आरतीच्या वेळा एकमेकांवर येतात, मुलं इकडून तिकडे पळत असतात. म्हणून एकच करावा असं मनात होतं.

अण्णा: गणपती मर्ज करणार तुम्ही? लॅटिन अर्थानं बघितलं तर ते विसर्जन झालं.

चिन्मय: 😂😂😂

माई: एकच बसवा. पण पाच दिवसांचा की दहा दिवसांचा ते आधी ठरवा. ए विंगचा पाच दिवसांचा, आमचा दहा.

सेक्रेटरी: सुधारित नोटीस टाकतो. “रविवार, सकाळी १०, पार्किंग. विषय: ए आणि बी विंग मिळून एकच सार्वजनिक गणपती बसवण्याबाबत. वर्गणीचा हिशेब विंगवार वेगळा राहील. सिंकिंग फंड, ग्रुप, शीट आणि भिंती हे विषय या मीटिंगमध्ये नाहीत.”

नाना: आता कसं. माझी हरकत नाही. आठ दिवस करा, पाच अधिक दहाची सरासरी साडेसात येते.

वहिनी: गणपतीला सरासरी नसते नाना. आणि मूर्ती शाडूची असेल तरच वर्गणी गोळा करीन.

काका: मखर कुणाचं घ्यायचं? आमचं पाच फुटी आहे, जिन्यातून फिरवावं लागतं.

चिन्मय: बी विंगचं घडीचं आहे. रविवारी खाली घेऊन येतो, बघा.