मदत हवी आहे: बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात देव पस्तावतो की नाही?
११व्या वचनात शौलाला इस्राएलचा राजा केल्याचा देवाला पस्तावा होतो, ३५व्यात पुन्हा तेच. मधेच २९व्यात संदेष्टा शमुवेल ठणकावतो, पस्तावायला तो काही माणूस नव्हे! भाषांतराचा घोळ असेल म्हणून शब्दकोश पाहिला, तर तिन्हीकडे हिब्रू क्रियापद एकच: ‘नाहम’.

आणि पस्तावा कशापायी? शौलाने शत्रू अमालेकी लोकांचा राजा आणि धष्टपुष्ट गुरंमेंढरं जिवंत राखली म्हणून. तिसऱ्या वचनात देवाने ज्यांना मारायला सांगितलं त्या तान्ह्या बाळांचं नावही नाही. हे मला फार छळतं.

‘देवाची करणी अगाध’ हे उत्तर नको. हिब्रू येत नाही, मराठी-इंग्रजी चालेल. २९वं वचन नंतर घातलेलं मानायला मजकुरातच काही आधार आहे का? नसेल, तर ज्यू भाष्यकार ही तीन वचनं एकत्र कशी बसवतात?