मदत हवी आहे: बॉब कॅटलीच्या ‘मिडल अर्थ’मधल्या दोन गाण्यांचा संदर्भ

आमच्या वाचनगटात ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा लेखक टोल्किन याच्यावर एक संध्याकाळ ठरली आहे. त्यात ‘मॅग्नम’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक बॉब कॅटली याच्या, त्याच कादंबरीवरच्या ‘मिडल अर्थ’ (२००१) या सोलो अल्बममधली काही गाणी ऐकवायची आहेत. हार्ड रॉक ऐकून मंडळी दचकतील, पण दचकू देत. गाणी कॅटलीची नाहीत, ती ‘टेन’ बँडवाल्या गॅरी ह्यूजने लिहिली आहेत, त्यामुळे कॅटलीच्या मुलाखतींतून फारसं हाती लागत नाही.

काही गाण्यांचा उलगडा नावावरूनच होतो. ‘द रेथ ऑफ द रिंग्ज’ म्हणजे नाझगुल, अंगठ्यांच्या गुलामीत गेलेले छायासेवक. ‘स्टॉर्मक्रो अँड पिलग्रिम’मधली दोन्ही नावं गँडाल्फ या जादूगाराचीच. ‘द एंड ऑफ समर’ला तर गॅलाड्रिएलची (एल्फ राणीची) थीम असं उपशीर्षकच आहे.

अडलंय ते ‘सिटी वॉल्स’ आणि ‘रिटर्न ऑफ द माउंटन किंग’पाशी. दुसऱ्याचं नाव वाचून मला टोल्किनच्याच ‘द हॉबिट’मधला ड्वार्फ राजा थोरिन आठवतो, पण बाकी अल्बम ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर असताना हा मध्येच कुठून आला?

तिन्ही खंड इंग्रजीत वाचलेत. स्ट्रीमिंगवर ऐकतोय, सीडीची पुस्तिका नाही. नेटवरचे शब्द एकमेकांशी जुळत नाहीत. पीटर जॅक्सनने या कादंबरीवर केलेल्या सिनेमांवरून लावलेले अंदाज नकोत. पहिला भाग डिसेंबर २००१चा, अल्बमचं लेखन त्याआधीचं.

कुणाकडे मूळ पुस्तिका किंवा ह्यूजची एखादी मुलाखत आहे का? ‘सिटी वॉल्स’ मिनास तिरिथ या तटबंदीच्या शहराचं की हेल्म्स डीप या किल्ल्याच्या दरीचं, आणि हा माउंटन किंग नेमका कोण?