सातबाऱ्यावर नाव आहे पण माणूस सापडत नाही

मंडळी नमस्कार,

घरचा विषय इथं टाकून राहिलो, पण आपल्यात विदर्भातले पुष्कळ जण आहेत आणि वावराचं घोंगडं बहुतेकांचं कुठंतरी भिजत पडलेलंच असतं म्हणून विचारतो.

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं, यवतमाळ जिल्हा. आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं बारा एकर वावर आहे, आधी कपाशी नि तूर, आता जास्त करून सोयाबीन. आजोबा गेले, मग मोठेबाबा, मग आमचे बाबा, आणि आता काकाजी एकटेच गावात राहून वाहतात. सातबाऱ्यावर नावं आहेत काकाजींचं, आत्याचं, बाबांकडून आईचं नि माझं, आणि मोठेबाबांकडून दादाचं नि ताईचं. मोठी आई पण आता नाही.

काकाजींना सौर पंप पाह्यजे. विहिरीला पाणी आहे पण लाइन रात्रीची, या वयात हातात बॅटरी घेऊन धुऱ्याधुऱ्यानं मोटर सुरू करायला जाणं होत नाही त्यांच्यानं, मागच्या साली पायाजवळून साप गेला. महावितरणचा ऑनलाइन अर्ज भरला तर सातबारा सामाईक म्हणून बाकी सगळ्या हिस्सेदारांचं ना-हरकत मागितलं. आमचं सगळ्यांचं होऊन जाईल, अडलं ते दादापाशी.

दादा म्हणजे मोठेबाबांचा मुलगा, मला सायकल त्यानंच शिकवली. मोठेबाबांच्या तेरवीत त्याचं नि आमच्या बाबांचं काहीतरी वाजलं, कशावरून ते आजपर्यंत कोणी धड सांगत नाही, आणि तो आदिलाबादला जिनिंगमध्ये कामाला गेला तो गेलाच. फोन नंबर बदलला. ताई वणीला दिली आहे, ती म्हणते माझ्याशीही बोलत नाही.

वकील म्हणतात सरळ नोटीस पाठवा. गावातले एकदोघं म्हणतात एवढी वर्षं पत्ता नाही तर नाव कमी करून टाका नं. मला दोन्ही पटत नाही पण मग करायचं काय ते सुचत नाही. कोणाला अनुभव असेल तर लिहा.

– दारव्ह्याचा, सध्या डॅलस



भाऊ, सात वर्षं माणसाचा पत्ता नसला तर कायद्यानं तो हयात नाही असं धरतात असं ऐकलं आहे. तलाठ्याला, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांना, एकदा विचारून पाहा, वारस नोंदीत निघून जाईल नाव.

– अकोल्याचा, ह्यूस्टन



भाऊ, नोटीस पाठवू नका आणि नाव काढायचं तर मनातही आणू नका. मी हे जोर देऊन सांगते कारण आमच्या घरात तुमच्या दादाच्या जागी मी होते.

माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. बाबा गेले आणि वर्षाच्या आत माझ्या नावानं इथं एक जाड पाकीट आलं. उघडलं तर आत हक्कसोडपत्राचा मसुदा, आणि जिथं जिथं मी सही करायची तिथं पेन्सिलीनं बारीक फुल्या मारलेल्या. सोबत चिठ्ठी नाही. कशी आहेस नाही, आईचं काय चाललं आहे नाही, एकूण वावर किती, त्यात माझं किती, काहीच नाही. मला वावर नको होतं हो, मी इथं बसून काय पेरणार आहे, मागितलं असतं तर तेव्हाच देऊन टाकलं असतं. पण त्या फुल्या पाहून वाटलं की या घरात माझं आता तेवढंच काम उरलं. पाकीट कपाटात ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. मग फोन यायला लागले, ते मी उचलले नाहीत, मग नातेवाइकांत झालं की अमेरिकेत गेली नि डोक्यात हवा गेली हिच्या, आणि बोलणंच तुटलं. पुढं कितीतरी सालच्या महालक्ष्म्या माझ्याशिवाय उभ्या राहिल्या नि उठल्या.

कोंडी फोडली ती धाकट्या वहिनीनं, भावांनी नाही. तिनं व्हॉट्सअॅपवर सातबाऱ्याचा फोटो पाठवला, माझ्या नावाखाली पेनानं रेघ मारून, आणि लिहिलं की ताई हे तुमचं आहे, कोणी काढलं नाही नि काढणार पण नाही, आईंचे गुडघे फार दुखतात, एकदा फोन करा. मी त्याच रात्री फोन केला. वाटणी नंतर झाली आणि माझा हिस्सा मी माझ्या मर्जीनं भावाला सोडला, ते वेगळं.

म्हणून सांगते, दादाला पहिल्या निरोपात सही मागूच नका. सौर पंपाचं ना-हरकत वेगळं आणि हक्कसोड वेगळं हे तुम्हाला माहीत आहे, त्याला कोण सांगणार? गावाकडून स्टॅम्प पेपर आला की घराबाहेर पडलेला माणूस एकच समजतो, माझं नाव काढून राहिले. त्यात वकिलाच्या लेटरहेडवर 'सदर नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांचे आत' असं वाचलं की तोही वकील करेल आणि मग तुम्ही दोघं वकिलांमार्फतच बोलाल, जन्मभर.

दुसरं म्हणजे, ज्यांच्याशी भांडण झालं त्यांच्याच मुलाचा पहिला फोन जाऊ नये. तुम्ही मागं राहा, आत्याला पुढं करा. आपल्याकडं भाऊ भावाशी बोलणं तोडतो, पण आत्याच्या हातचं खाल्लेलं पोरगं तिच्यावर आवाज चढवत नाही. आणि वणीच्या ताईला बोलतो का असं विचारूच नका, त्याचं उत्तर ती नाहीच देणार. राखी पाठवतेस का ते विचारा. राखी जात असेल तर तिच्यापाशी पत्ता आहे.

– दर्यापूरची, न्यू जर्सी



ताईंनी लिहिलं त्यात माणसाचं सगळं आलं, मी कागदाचं तेवढं सांगतो. आमच्या हिंगणघाटकडच्या वावराची वाटणी पार पडेपर्यंत तहसीलचे उंबरठे झिजवले त्यातून थोडंफार कळायला लागलं आहे.

आधी सात वर्षांचं. तो पुराव्याच्या कायद्यातला नियम आहे, आधी कलम १०८ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ मध्ये १११ आहे. ज्यांना एरवी त्या माणसाची खबर राहिली असती अशांना सात वर्षं काहीच खबर नाही हे दाखवावं लागतं, आणि ते कोर्टात, तलाठी सज्जात नाही. रुसून दुसऱ्या गावी कामाला गेलेला माणूस त्यात बसत नाही. आणि समजा बसला तरी त्याचा हिस्सा त्याच्या बायकोमुलांकडं जाणार, काकाजींकडं नाही. वारस लपवून प्रतिज्ञापत्र केलं तर ते खोटं प्रतिज्ञापत्र होतं, असा सल्ला देणारे गावात पुष्कळ भेटतील पण सही तुमची जाते. तसंच काकाजी इतकी वर्षं वाहून राहिले म्हणून ते एकट्याच्या मालकीचं होत नाही, सामाईक वावरात एकाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीनं धरतात.

हिस्सा किती ते दादाला आकड्यात सांगा, गोलमोल नको. आजोबांनी स्वतः घेतलेलं वावर म्हणता, म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं तीन मुलं नि आत्या सारखे वाटेकरी, प्रत्येकी तीन एकर. मुलीला वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलाएवढा वाटा १९५६ पासूनच आहे, २००५ ची दुरुस्ती नि २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल यांची लोक नेहमी गल्लत करतात, ते वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहेत. मोठेबाबांच्या तीन एकरात आता दादा नि ताई निम्मे निम्मे, म्हणजे दादाचा दीड एकर. सातबाऱ्यावर ४ हेक्टर ८६ आरच्या आसपास क्षेत्र दिसत असेल, त्यातले साठ-एकसष्ट आर त्याचे. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवरून पंधरा रुपयांत निघतो, तोच त्याला पाठवा म्हणजे तुमच्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवायचं त्याला काम नाही. सोबत आजोबांनंतरचे वारसांचे फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी, पण काढा.

पुढं कधी वाटणी करायची झाली तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं होते, पण सगळ्यांची संमती लागते. संमती नसेल तर दिवाणी दावा, आणि त्यात माणूस सापडलाच नाही तर कोर्ट दारावर समन्स चिकटवायला किंवा पेपरात द्यायला सांगू शकतं. म्हणजे दादा नाही सापडला तरी रस्ता बंद होत नाही, पण काकाजींच्या वयाकडं पाहता त्या रस्त्यानं जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. सामाईकातला आपला अविभक्त हिस्सा दादा रागारागात बाहेरच्याला विकायला काढू शकतो. वारसा कायद्याच्या कलम २२ नं आधी घ्यायचा हक्क बाकी वारसांना आहे आणि तो शेतजमिनीलाही लागतो असं सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये सांगितलं, पण तो बजावायला परत कोर्टच. आणि दादा म्हणाला की तूच घे माझा दीड एकर, तर तुम्हाला ते जमणार नाही, परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन वारशानं मिळते पण विकत घेता येत नाही. काकाजी घेऊ शकतात.

तुमच्या वतीनं तिकडं कोणीतरी सही करू शकेल असं तुमचं स्वतःचं मुखत्यारपत्र आत्ताच करून ठेवा. नोटरी आणि अपोस्टिल (परदेशातला कागद भारतात खरा धरायचा सरकारी शिक्का) किंवा भारताचं कॉन्सुलेट, दोन्ही चालतं. महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यावा लागतो, तिथं लोक चुकतात.

– वर्ध्याकडचा, टोरंटो



मंडळी, उशिरा लिहितो आहे पण लिहिण्यासारखं आता झालं.

दर्यापूरच्या ताई, राखी जाते. दरवर्षी जाते, पाकिटावर पत्ता टाकून, तो उत्तर देत नाही म्हणून वणीची ताई बोलत नाही म्हणत होती. आदिलाबादच आहे, जिनिंग बदलली आहे. आत्यानं पत्र लिहिलं, म्हणजे ती सांगत गेली नि नातीनं लिहिलं, आणि मी पाठवलेला सातबारा सोबत लावला, त्याच्या नावाखाली रेघ मारून. पत्राचा फोटो माझ्याकडं आला आहे, त्यातलं इथं देतो कारण मला असं लिहिता आलं नसतं:

"तुझ्या बापाचं नाव गेलं तिथं तुझं लागलं आहे, पाहून घे. तुझं दीड एकर आहे. काका वाहतो पण तुझं तुझंच आहे. सही मागायला लिहिलं नाही. तुझी पोरं किती मोठी झाली ते मला माहीत नाही हे बरोबर नाही."

त्यानं आत्याला फोन केला. आपलं नाव केव्हाच काढलं असं त्याला तिकडं कोणीतरी सांगून ठेवलं होतं आणि इतकी वर्षं तो तेच धरून होता, म्हणून फोन उचलण्यात त्याला अर्थ वाटत नव्हता. सातबाऱ्यावर पण त्यानं लगेच विश्वास नाही ठेवला, पोराला मोबाइलवर महाभूलेख, म्हणजे सातबारा पाहायची सरकारी साइट, उघडायला लावलं, गट नंबर टाकून स्वतः पाहिलं, मग बोलला. काकाजीची तब्येत विचारली. तेरवीतलं भांडण त्यानं काढलं नाही नि आत्यानंही नाही.

पंपाचं आत्यानं दुसऱ्या फोनवर सांगितलं. तो म्हणाला कोऱ्या कागदावर सही करणार नाही, मजकूर आधी दाखवा, आणि मला हे अगदी रास्त वाटलं. मग मसुद्यात एक ओळ टाकली: हे ना-हरकत फक्त सौर पंपापुरतं आहे, यामुळे माझ्या हिस्स्यास व मालकी हक्कास कोणतीही बाधा येत नाही. तशीच ओळ आम्ही सगळ्यांनी आपापल्या कागदात टाकली, एकट्या त्याच्याच नाही, म्हणजे त्याला वेगळं काढल्यासारखं वाटू नये. ताई वणीहून स्वतः घेऊन जाणार आहे आदिलाबादला, पोस्टानं पाठवायचं नाही असं तिनंच ठरवलं. वाटणीचा विषय कोणीही काढायचा नाही असं काकाजींनी बजावलं आहे, पंप बसू द्या म्हणे आधी.

माझ्याशी तो अजून बोललेला नाही. आत्या म्हणते घाई करू नको, मी करत नाही.

वर्ध्याचे भाऊ, मुखत्यारपत्र अपोस्टिल होऊन आलं. तीन महिन्यांची मुदत तिथं पोचल्यापासून म्हणून उगाच कुरिअरनं आधी पाठवून ठेवत नाही. दसऱ्याच्या आसपास कोणी नागपूरला जात असेल तर कळवा, पाकीट लहान आहे, विमानतळावर भाचा येऊन घेईल.

– दारव्ह्याचा, डॅलस



मी जातोय, दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, नागपूरहून पुढं अकोला. ह्यूस्टनला आणून द्या किंवा मी त्या शनिवारी डॅलसला येणारच आहे तेव्हा घेतो. भाच्याचा नंबर मला एकट्याला पाठवा, लिस्टवर नको. येताना कोणाला संत्रा बर्फी पाह्यजे असेल तर आत्ताच सांगा.

– अकोल्याचा, ह्यूस्टन